मालकाचा स्वभाव आणि कुत्र्याची ओढ: खारघरच्या ताईंना सविस्तर उत्तर

ताई, तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य आधी घेते. ‘माझ्या काळजीखोर स्वभावामुळेच चिकू असा झाला असेल, तर त्याला नवऱ्याच्या हवाली करून मी बाजूला व्हावं का?’ नाही, बाजूला होऊ नका. तसं केलंत तर चिकूचा त्रास वाढण्याचीच शक्यता जास्त. का, ते पुढे लिहिते.

इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. ताई खारघरला राहतात आणि नोकरीसाठी लोकलने मुंबईला जातात. घरात नवरा आणि सासूबाई. चिकू तीन वर्षांचा इंडी, म्हणजे आपला देशी कुत्रा. तीनेक महिन्यांचा असताना रस्त्यावरून घरी आणलेला. ताई घरात असल्या की तो त्यांच्या मागे मागे फिरतो. बाथरूमचं दार लावलं की बाहेर कुंई कुंई करत बसतो. त्या शेजारी बसल्याशिवाय जेवत नाही. त्या फिरायला नेतात तेव्हा दुसरा कुत्रा दिसला की पट्टा ताणून भुंकतो. तोच चिकू नवऱ्याबरोबर गुपचूप चालतो आणि दुपारभर सासूबाईंच्या पायाशी निवांत झोपतो. नणंद म्हणाली, ‘जशी मालकीण तसा कुत्रा. तूच सारखं टेन्शन घेतेस.’ ते ताईंच्या मनाला लागलंय.

मी पशुवैद्यक आहे. ठाण्यात माझा दवाखाना आहे आणि गेली बरीच वर्षं माझं निम्मं काम प्राण्यांच्या वागण्याच्या तक्रारींचं आहे. त्यासाठी ठाण्यापासून खारघरपर्यंत लोकांच्या घरी जाते. दवाखान्याच्या टेबलावर कुत्र्याचं शरीर तपासता येतं, पण त्याचं माणसांशी नातं कसं आहे हे घरातच कळतं: बेल वाजली की तो आधी कोणाकडे बघतो, कोण उठलं की तोही उठतो, कोण ओरडलं की कुठल्या खोलीत जातो. नणंदेचं वाक्य मी कितीतरी घरांत ऐकलंय. त्यात थोडं तथ्य आहे. पण ते ज्या पद्धतीने सांगितलं जातं, त्याने माणूस खचतो आणि कुत्र्याला काहीच मिळत नाही.

स्वभावाकडे वळण्याआधी एक गोष्ट विचारायलाच हवी. हे चिकटणं पहिल्यापासून आहे की गेल्या काही महिन्यांत वाढलंय? तुम्ही ते लिहिलेलं नाही, आणि माझं अर्धं उत्तर त्यावर अवलंबून आहे. अचानक चिकट झालेला, खाण्यात नखरे करू लागलेला आणि दुसऱ्या कुत्र्यांवर चिडू लागलेला कुत्रा माझ्याकडे आला की मी आधी दुखणं शोधते. आपल्याकडे गोचीड ताप वर्षभर असतो, पावसाळ्यात आणि त्यानंतर जास्तच. रक्तात एर्लिकिया किंवा बेबेसिया (गोचिडीतून येणारे जंतू) असले की कित्येक कुत्र्यांमध्ये सुरुवातीला ताप जाणवतही नाही; कुत्रा फक्त मलूल होतो, अर्धी वाटी सोडतो आणि माणसाजवळ येऊन बसतो. कानातला जुना संसर्ग, किडलेली दाढ, मागच्या पायाच्या सांध्याचं दुखणं, हेही तसंच. म्हणून आधी तपासणी आणि रक्ताची चाचणी करून घ्या. चिकूचं रक्त स्वच्छ निघालं तर पुढचं सगळं लागू. नाही निघालं, तर आधी औषध आणि मग बाकीचं.

दुसरी शंका फिरण्याबद्दल. तुमचा नवरा त्याला किती वाजता नेतो? माझा अंदाज, पहाटे साडेपाच-सहाला, तुमच्या गडबडीच्या आधी. आणि तुम्ही संध्याकाळी, लोकलमधून उतरून, साडेसात-आठला. खारघरचे रुंद रस्ते पहाटे रिकामे असतात. संध्याकाळी त्याच रस्त्यांवर सायकली, मुलं, पाणीपुरीच्या गाड्या, घरोघरचे कुत्रे आणि चौकाचौकातल्या भटक्या कुत्र्यांच्या टोळ्या. हा स्वभावाचा फरक झाला की वेळेचा? एक आठवडा अदलाबदल करून बघा. पहाटे तुम्ही न्या, संध्याकाळी त्यांना नेऊ द्या. कितीतरी घरांत एवढ्यानेच निम्मा आरोप गळून पडलाय. संध्याकाळी नवऱ्याच्या हातातही चिकू भुंकला, तर प्रश्न गर्दीचा आहे, तुमचा नाही. आणि पहाटे रिकाम्या रस्त्यावरही तो तुमच्याबरोबर ताणलेलाच राहिला, तर मात्र पट्ट्यावरून काय पोचतंय ते बघावं लागेल.

आता नणंदेच्या वाक्यातलं तथ्य. मालकाचा स्वभाव आणि जनावराचा ताण यांचा संबंध अभ्यासकांनी मोजून बघितलाय. स्वीडनमधल्या लिंकोपिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ साली ५८ कुत्रे आणि त्यांच्या मालकिणी यांच्या केसांमधलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणात वाढणारं संप्रेरक, मोजलं. केस हळूहळू वाढतात, त्यामुळे त्यात काही महिन्यांच्या ताणाची नोंद राहते. कुत्र्याची आणि मालकिणीची पातळी एकमेकांशी जुळत होती, आणि कुत्र्याच्या स्वतःच्या स्वभावापेक्षा मालकिणीच्या स्वभावाचा संबंध त्यात जास्त दिसला. व्हिएन्नाच्या गटाने २०१७ साली आणखी एक गोष्ट दाखवली: ज्या मालकांमध्ये चिंता करण्याची वृत्ती जास्त, त्यांच्या कुत्र्यांच्या कॉर्टिसोलमध्ये प्रसंगानुसार होणारा चढउतार कमी होता. ताणाशी जुळवून घेण्याची त्यांची लवचिकता कमी असावी, असा अर्थ त्यांनी लावला. नेपल्सच्या संशोधकांनी २०१८ साली भीतीच्या वेळी आलेल्या माणसाच्या घामाचा वास कुत्र्यांना दिला. कुत्र्यांच्या हृदयाचे ठोके वाढले आणि ते मालकाकडे जास्त वळले. तुम्ही दिवसभराचा ताण घेऊन घरात शिरता तेव्हा चेहरा कितीही हसरा ठेवलात तरी चिकूला तो कळत असणार.

पण हे वाचून लगेच स्वतःला दोष देऊ नका. स्वीडनचे ते कुत्रे बॉर्डर कॉली आणि शेटलंड शीपडॉग होते. माणसाच्या बारीकशा हालचालीवर काम करावं म्हणून पिढ्यान्‌पिढ्या निवडलेल्या या मेंढपाळ जाती. त्याच गटाने पुढे शिकारी आणि प्राचीन समजल्या जाणाऱ्या जाती तपासल्या, तेव्हा कॉर्टिसोलचा तसा मेळ सापडला नाही. मालकाशी असलेल्या नात्याचा संबंध तिथेही दिसला, पण तो वेगळ्या प्रकारचा होता. मग स्वीडनमधल्या शीपडॉगचा निष्कर्ष खारघरच्या चिकूवर जसाच्या तसा कसा लावायचा? शिवाय अशा अभ्यासांमध्ये स्वभाव आणि वागणं यांची माहिती बहुतेक वेळा मालकाने भरलेल्या प्रश्नावलीतूनच येते. काळजी करणाऱ्या माणसाला कुत्र्याच्या वागण्यात जास्त तक्रारी दिसतात, हेही त्यात मिसळलेलं असतं. आणि दिशा उलटीही असू शकते. रात्री-अपरात्री रडणारा, पट्टा तोडू पाहणारा कुत्रा घरात असेल तर शांत माणूसही वर्षभरात काळजीखोर होतो. अशी माणसं मी पाहिली आहेत.

चिकूच्या पहिल्या तीन महिन्यांत काय घडलं हे कोणालाच माहीत नाही. पिल्लाच्या तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ फार नाजूक असतो. कोण आपलं, कशाला घाबरायचं, हे तेव्हा ठरत असतं. चिकू तुमच्याकडे आला तेव्हा तो काळ जवळजवळ संपला होता. त्याच्या भीतीतला काही भाग तुम्ही त्याच्या आयुष्यात यायच्या आधीचा आहे.

माझ्या कामातून मला जे दिसतं ते असं. स्वभाव थेट कुत्र्यापर्यंत पोचत नाही, स्वभावामुळे आपण जे करतो ते पोचतं. आणि काळजीखोर माणसं ज्या ठराविक गोष्टी करतात, त्या मोजक्याच आहेत.

पट्ट्याचंच बघा. लांबून दुसरा कुत्रा दिसला की तुमचा हात आपोआप पट्टा गुंडाळायला लागतो. श्वास अडकतो. पावलं हळू होतात किंवा तुम्ही थांबता. चिकूने अजून तो कुत्रा बघितलेलाही नसतो, पण मानेवर ओढ येते आणि ‘काहीतरी आहे’ हे त्याला कळतं. मग तो शोधतो, त्याला कुत्रा दिसतो, आणि मागे सरायला पट्टा उरलेला नसतो. भुंकणं तिथून सुरू होतं. नवरा कदाचित फोनवर बोलत चालतो, पट्टा सैल लोंबत असतो, चिकू खांब हुंगून पुढे जातो. यात नवऱ्याचं कौशल्य आहे असं नाही. काही वेळा तो निष्काळजीपणाच असतो, आणि मोकाट टोळी अंगावर आली तर तोच अंगाशी येईल. तुमची सावधगिरी खोटी नाही. ती पट्ट्यात येते, एवढीच अडचण.

त्यानंतर येतं ते अनिश्चित उत्तर. माझ्या मते बहुतेक घरांतलं खरं मूळ हे आहे, आणि याकडे कोणाचं लक्ष नसतं. एखाद्या दिवशी तुम्ही निवांत असता, चिकू कुंई कुंई करतो, तुम्ही दुर्लक्ष करता. दुसऱ्या दिवशी उशिरा घरी येता, मनात अपराधीपणा असतो, तो कुंई म्हणायच्या आत त्याला मिठीत घेता. तिसऱ्या दिवशी डोकं दुखत असतं, तुम्ही ओरडता, आणि पाच मिनिटांनी वाईट वाटून बिस्किट देता. चिकूच्या बाजूने बघा. त्याच आवाजाला कधी काहीच नाही, कधी मिठी, कधी ओरडा आणि त्यामागून बिस्किट. कधी मिळतं आणि कधी नाही, अशा बक्षिसासाठी प्राणी सर्वांत जास्त चिकाटीने प्रयत्न करत राहतो. वर्तनशास्त्रातल्या सर्वांत पक्क्या गोष्टींपैकी ही एक. म्हणून तो प्रयत्न सोडत नाही. तुमच्या चेहऱ्यावर सतत नजर ठेवतो, कारण आज कोणतं उत्तर येणार हे त्याला तिथूनच ओळखावं लागतं. सासूबाईंकडे तो झोपतो, कारण त्या रोज सारख्याच असतात. सकाळी पूजा, मग पोळीचा तुकडा, मग दुपारची झोप. त्यांच्याबाबत अंदाज बांधायची गरजच पडत नाही.

(सासूबाईंना एक सांगा: नैवेद्यातले बेदाणे आणि मनुका त्याला चुकूनही देऊ नयेत. द्राक्षं आणि बेदाण्यांनी कुत्र्याच्या किडन्या निकामी होऊ शकतात. चॉकलेट आणि कांदाही नको.)

आणि सततचं लक्ष. तो झोपलाय का, जेवला का, नाक कोरडं आहे का, उठला तर का उठला. मोठ्या कुत्र्याला दिवसभरात, डुलक्या धरून, बारा-चौदा तासांची झोप लागते. ज्याच्यावर सारखी नजर असते, तो प्रत्येक नजरेला मान वर करतो. त्याचा आराम तुटत राहतो, आणि अर्धवट झोपेचा कुत्रा चिडचिडा होतो, चिकट होतो. जेवणाचंही तेच. तुम्ही शेजारी बसून ‘खा रे, खा ना’ म्हणता. त्यामुळे जेवण म्हणजे तुमच्या सोबतीची वेळ, हे तो शिकलाय. तुम्ही नसताना तो जेवत नाही, त्यात प्रेमाइतकाच सवयीचाही भाग आहे.

आता नवऱ्याकडे सोपवण्याचा प्रश्न. बुडापेस्टच्या योझेफ टोपाल आणि आडाम मिक्लोशी यांच्या गटाने १९९८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लहान मुलाची आईशी असलेली ओढ तपासायला मेरी एन्सवर्थ यांनी जी पद्धत बसवली होती, तीच त्यांनी कुत्र्यांना लावली. अनोळखी खोली, अनोळखी माणूस, मालक थोडा वेळ बाहेर जातो आणि परत येतो. त्या वेळी कुत्रा काय करतो, हे त्यांनी टिपलं. या पद्धतीत ओढीच्या दोन बाजू पाहतात. भीती वाटली की कोणाकडे पळत जायचं, ही एक. आणि कोण जवळ असलं की निर्धास्तपणे नवीन जागा हुंगायला, खेळायला जाता येतं, ही दुसरी. आसरा आणि आधार म्हणू.

दिवाळीत फटाके वाजले किंवा जूनमध्ये ढग गडगडले की चिकू कोणाकडे येतो? तुमच्याकडे येत असेल तर त्याचा आसरा तुम्हीच आहात. मग नवऱ्याकडे सोपवून बाजूला होणं म्हणजे त्याच्याकडून तोच काढून घेणं. तुमच्या नात्यात कमी आहे ती दुसरी बाजू. तुम्ही जवळ असताना त्याला तुमच्यापासून दोन पावलं दूर जायचा धीर यायला हवा. खरा प्रश्न हा आहे, आणि तो स्वभाव न बदलता सोडवता येतो.

आपल्या देशी कुत्र्यांबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण ‘इंडी असाच असतो’ हे वाक्यही तुम्हाला ऐकवलं गेलं असेल. कोलकात्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेत अनिंदिता भद्रा यांचा गट रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास करतो. २०१७ साली त्यांनी दाखवलं की अनोळखी माणसावर विश्वास ठेवताना रस्त्यावरच्या कुत्र्यांवर वारंवार दिलेल्या खाऊपेक्षा अंगावरून फिरवलेल्या हाताचा परिणाम जास्त होतो. मोठे भटके कुत्रे कुठलंही शिक्षण नसताना माणसाच्या बोटाच्या दिशेने जातात, हेही त्यांच्या नंतरच्या कामातून दिसलं. म्हणजे चिकू माणूस वाचण्यात तरबेज असणार, आणि तुमचा शांत हात त्याला बिस्किटापेक्षा मोलाचा असणार. तो हात कधी आणि कसा द्यायचा, एवढंच ठरवायचंय.

तुमच्यासारख्या स्वभावाचा फायदाही आहे, आणि तो डॉक्टर म्हणून मला रोज दिसतो. ‘काल त्याने पोळी अर्धी सोडली, आणि डावा पाय उचलून धरतोय’ असं सांगत पहिल्या दिवशी येणारी माणसं तुमच्यासारखी असतात. त्यांच्या कुत्र्याचा गोचीड ताप वेळेत सापडतो. लसींच्या तारखा त्यांना पाठ असतात. बेफिकीर घरातला कुत्रा बऱ्याचदा शांत दिसतो म्हणून लोक त्या मालकाचं कौतुक करतात. पण त्यातले काही कुत्रे शांत नसतात. कोणी लक्ष देत नाही म्हणून त्यांनी सांगणं सोडलेलं असतं. ते माझ्याकडे फार उशिरा येतात.

इतर स्वभावांचंही असंच आहे. ठाण्यात पोखरण रोडला एका निवृत्त गृहस्थांकडे जर्मन शेफर्ड होता. गृहस्थ अतिशय शिस्तीचे, वेळेचे पक्के. कुत्रा ‘बस’ म्हटलं की बसायचा, ‘थांब’ म्हटलं की दारातल्या वाटीसमोर लाळ गाळत थांबायचा. लोकांना वाटायचं, काय आज्ञाधारक. मी तासभर त्या घरात बसले होते. तो आपणहून एकदाही त्यांच्याजवळ गेला नाही. हाक मारली की यायचा, पण कान मागे आणि ओठ चाटत. कुत्र्याला सतत ‘मालक कोण’ हे दाखवत राहावं लागतं, असं त्यांना कोणीतरी शिकवलं होतं. ज्या लांडग्यांवरून ही कल्पना आली, त्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनी १९९९ सालीच मांडलंय की नैसर्गिक कळप म्हणजे आई-बाप आणि त्यांची पिल्लं. तिथे गादीसाठी रोज मारामारी होत नसते. गृहस्थांची शिस्त मी मोडली नाही. त्यांचा नेमकेपणा हाच त्यांचा गुण होता. रोज संध्याकाळी साडेसहा ते सात कुत्र्याने ठरवायचं कुठे जायचं, किती वेळ हुंगायचं, आणि त्या अर्ध्या तासात एकही हुकूम द्यायचा नाही, एवढं ठरवलं. त्यांनी तेही घड्याळ लावून पाळलं. काही आठवड्यांनी तो शेफर्ड त्यांच्या खुर्चीखाली येऊन झोपू लागला.

उलट टोकाची घरंही असतात. घणसोलीत एक बोलकं, पाहुण्यांनी भरलेलं घर होतं. माणसं प्रेमळ, पण त्यांचा छोटा शित्झू जातीचा कुत्रा दिवसभर या मांडीवरून त्या मांडीवर. तो सोफ्याखालून गुरगुरायला लागला तेव्हा त्यांना धक्का बसला. त्याला फक्त जिथे कोणी हात लावणार नाही अशी एक जागा हवी होती. एका कोपऱ्यात त्याचा पिंजरा उघड्या दाराचा ठेवला, वर चादर टाकली, आणि आत असताना त्याला कोणी उचलायचं नाही असा नियम मुलांनी पाळला. गुरगुरणं थांबलं.

मांजरांचं गणित थोडं वेगळं. ब्रिटनमध्ये तीन हजारांहून जास्त मांजरमालकांवर केलेला अभ्यास २०१९ साली आला. चिंता करणाऱ्या मालकांनी आपल्या मांजरांच्या वागण्याच्या आणि आरोग्याच्या तक्रारी जास्त नोंदवल्या, आणि त्यांची मांजरं बाहेर मोकळी सोडण्याचं प्रमाण कमी होतं. मांजर बंद फ्लॅटमध्ये असते तेव्हा माणसाची अस्वस्थता टाळायला तिला जागाच नसते. घरात मांजर असलेल्यांना मी एवढंच सांगते: उंचावर एक फळी द्या, आणि तिला उचलण्याऐवजी लांबूनच हळू डोळे मिटून उघडा. ससेक्स विद्यापीठाच्या २०२० सालच्या कामात दिसलंय की असं केल्यावर मांजरंही तसेच डोळे मिटतात, आणि असं करणारा माणूस अनोळखी असला तरी त्याच्या हाताकडे येण्याची शक्यता वाढते. अबोल माणसांचं मांजरांशी चटकन जमतं, ते बहुधा म्हणूनच.

आता चिकूसाठी काय करायचं ते.

फिरताना मानेच्या पट्ट्याऐवजी छातीचा हार्नेस घ्या आणि दोरी निदान दोन-अडीच मीटरची. लांबून कुत्रा दिसला की आधी श्वास सोडा, मुद्दाम, आवाज येईल असा. मग रस्ता बदला किंवा वळसा घ्या. सरळ समोरासमोर जाणं कुत्र्यांच्या दृष्टीनेही असभ्य असतं. चिकूने तो कुत्रा बघितला पण अजून भुंकला नाही, त्या क्षणी उकडलेल्या चिकनचा छोटा तुकडा द्या. शाकाहारी घर असेल तर पनीर. दुसरा कुत्रा दिसला की चांगलं काहीतरी येतं, हे त्याला समजलं पाहिजे. तो भुंकायला लागला असेल तर तुकडा देऊन उपयोग नाही. तेवढ्या अंतरावर त्याला सहन होत नाहीये, म्हणून आणखी लांब जा. ओरडू नका. पहिले दोन आठवडे संध्याकाळची गर्दीची वाट सोडाच. इमारतीमागच्या शांत गल्लीत वीस मिनिटं मनसोक्त हुंगू दिलंत तरी त्याला पुरेल.

घरात त्याची एक चटई ठरवा. तुम्ही काम करता तिथून तीन-चार फुटांवर. तो आपणहून तिथे बसला की काही न बोलता तुकडा ठेवा आणि हात मानेवरून हळू फिरवा. तुमच्या अंगाला चिकटून बसला तर त्याला ढकलू नका, पण बक्षीस चटईवरच. आठवडाभराने अंतर वाढवा, मग खोलीच्या दारापर्यंत. बाथरूमच्या बाबतीत दार उघडं ठेवून आत जा आणि लगेच बाहेर या. मग अर्धं लोटून, मग पूर्ण लावून दोन सेकंद. तो रडायला लागतो त्याच्या आधीच परत यायचं. रडला तर पायरी मोठी झाली असं समजून पुन्हा मागे या. हे कंटाळवाणं आहे, पण काळजी करणारी माणसं नोंदी छान ठेवतात. फोनवर तारीख आणि सेकंद लिहीत जा. तुमच्या स्वभावाला करायला काहीतरी नेमकं मिळेल.

जेवणाची वाटी ठेवा, आणि तुम्ही त्याच खोलीत दुसरं काम करा. पंधरा-वीस मिनिटांनी वाटी उचला, खाल्लं असो वा नसो, आणि पुढच्या जेवणापर्यंत मधे काही देऊ नका. सासूबाईंनाही हे समजावून सांगा, नाहीतर पोळीच्या तुकड्याने सगळं फिसकटेल. मात्र चिकू पूर्ण दिवस काहीच खात नसेल, उलट्या करत असेल किंवा मलूल असेल, तर हा प्रयोग थांबवून दवाखान्यात न्या.

आणि कामावरून आल्यावरचा पहिला अर्धा तास. तिथे तुम्ही दोघंही सर्वांत जास्त ताणलेले असता. दारात मिठी नको, पण दुर्लक्षही नको. रोज तेच: चप्पल काढा, नेहमीच्या आवाजात त्याचं नाव घ्या, हातपाय धुवा, चहा घ्या, आणि मग ठरलेल्या वेळी जमिनीवर बसून दहा मिनिटं पूर्ण त्याची. त्या दहा मिनिटांत फोन नाही. दिवस वाईट गेला असला तरी तेवढंच, चांगला गेला असला तरी तेवढंच. मनातली काळजी तशीच राहिली तरी चालेल, क्रम बदलू नका. घरातल्या सगळ्यांनी हाच क्रम पाळला तर फरक लवकर दिसतो. नवऱ्याला पहाटेचं फिरणं चालू ठेवू द्या. तुमच्या जागी म्हणून नव्हे, तर चिकूला दोन माणसांवर विसंबता यावं म्हणून.

एक गोष्ट तपासायची राहिली. तुम्ही सगळेच बाहेर गेलात तर तो काय करतो? जुना फोन टीपॉयवर ठेवून अर्ध्या तासाचं रेकॉर्डिंग करा. थोडं कुंई करून झोपत असेल तर वर लिहिलेलं पुरेसं आहे. पण दार ओरबाडणं, सतत लाळ गळणं, धापा टाकणं, घरात लघवी होणं, नखं किंवा तोंड रक्ताळणं यातलं काही दिसलं, तर ती एकटेपणाची घबराट आहे आणि नुसत्या सरावाने सुटत नाही. तिच्यासाठी औषधं आहेत, ती नीट देखरेखीखाली दिली जातात, आणि सरावाबरोबर दिली की कुत्र्याला शिकण्याइतपत स्वस्थता मिळते. औषध लागलं तर ते तुमचं अपयश समजू नका. तुमची स्वतःची झोप किंवा काम या काळजीमुळे बिघडत असेल, तर तुमच्या डॉक्टरांशीही मोकळेपणाने बोला. ते चिकूसाठी नको, तुमच्यासाठी.

रक्ताच्या चाचणीचा निकाल, अदलाबदलीच्या आठवड्यात कोणाबरोबर किती वेळा भुंकला याची नोंद, आणि ते रेकॉर्डिंग, एवढं झालं की इथेच लिहा. चिकू पहिल्यापासून असा आहे की नंतर झाला, तेही लिहायला विसरू नका. त्यावरून पुढच्या पायऱ्या ठरवता येतील.